छाणी परिसरातील बुलेट ट्रेनचे बांधकाम : प्रगतीचा अर्थ आणि श्रमाचे मूल्य

प्रस्तावना

बडोद्याच्या उत्तरेस असलेले छाणी हे एकेकाळचे गाव आता शहराचाच भाग झाले आहे. येथील स्थानकास छायापुरी असे नाव आहे. या परिसरातून मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा, म्हणजेच बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. मोठ्या बांधकामाची बातमी आपल्यापर्यंत बहुधा टक्केवारीच्या रूपाने येते. 'इतके टक्के काम पूर्ण झाले' या वाक्याचा नेमका अर्थ काय व त्या वाक्यात कोणती गोष्ट मोजली जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रकल्पाचे स्वरूप

या मार्गाची एकूण लांबी ५०८ किलोमीटर असून त्यावर १२ स्थानके आहेत. त्यापैकी ३४८ किलोमीटर गुजरातमध्ये, १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आणि उरलेला ४ किलोमीटरचा भाग दादरा व नगर हवेलीत आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पायाभरणी झाली. बडोद्याचे नवे स्थानक सध्याच्या रेल्वे स्थानकाच्या जागीच उभे केले जात असून, वडाच्या झाडावरून शहराला नाव मिळाले म्हणून स्थानकाच्या रचनेतही वडाची कल्पना घेतली आहे.

काम कसे पुढे सरकते?

उन्नत मार्गाचे काम जमिनीखाली सुरू होते. प्रथम जमिनीत खोल भोके पाडून त्यांत लोखंडी सांगाडे सोडतात व काँक्रीट ओततात. त्यावर खांब उभे राहतात. खांबांवर ठेवायचे गर्डर मात्र जागेवर न ओतता वेगळ्या आवारात तयार केले जातात. ४० मीटर लांबीच्या एका अखंड गर्डरचे वजन सुमारे ९७० टन असते. खास वाहनावरून तो आणून यंत्राच्या साहाय्याने दोन खांबांवर बसवला जातो. या पद्धतीमुळे सरळ, मोकळ्या पट्ट्यात काम झपाट्याने होते.

परंतु जेथे खाली चालू रेल्वेमार्ग, महामार्ग किंवा नदी असते, तेथे हा वेग राहत नाही. छाणीजवळचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बाजवा हे अहमदाबाद मार्गावरील, तर छायापुरी हे गोध्रा-रतलाम मार्गावरील स्थानक. या दोहोंना जोडणाऱ्या मार्गिकेमुळे अहमदाबादकडून रतलामकडे जाणाऱ्या गाड्यांना बडोद्यास जाऊन इंजिनाची दिशा बदलावी लागत नाही. या मार्गिकेवरून बुलेट ट्रेन नेण्यासाठी २०२४ मध्ये ६० मीटर लांबीचा पोलादी पूल बसवण्यात आला. त्याचे वजन सुमारे ६४५ टन आहे. त्याचे भाग कच्छमधील भचाऊ येथे तयार झाले. खालची वाहतूक ठरावीक वेळ थांबवून पूल पुढे सरकवावा लागतो. म्हणून येथील ६० मीटरना जे नियोजन लागते, ते मोकळ्या शेतातील तेवढ्याच अंतराला लागत नाही. मीटर सारखे असले तरी श्रम सारखे नसतात.

टक्केवारी वाचताना

पूल पूर्ण झाला म्हणजे गाडी धावणार असे नव्हे. त्यानंतर खडीविरहित रूळमार्ग, विजेच्या तारा, सिग्नल आणि दीर्घकाळ चालणाऱ्या चाचण्या हे टप्पे येतात. पायाभरणीच्या वेळी २०२२-२३ चे उद्दिष्ट सांगितले गेले होते. पुढे सुरत-बिलिमोरा हा पहिला टप्पा २०२७ मध्ये सुरू करण्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील भूसंपादनाचा विलंब हे त्याचे एक प्रमुख कारण होते. वाचकाने टक्केवारी पाहताना ती जमिनीची, खांबांची, खर्चाची की संपूर्ण कामाची, हे आधी विचारावे.

बडोद्याला मोठी बांधकामे नवीन नाहीत. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळातील लक्ष्मी विलास राजवाड्याची रचना मेजर चार्ल्स मँट यांनी केली. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले व रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये काम पूर्णत्वास नेले. इतिहासात वास्तुविशारदांची नावे राहिली. दगड घडवणाऱ्यांची क्वचितच राहिली.

मोजमापाबाहेरचा माणूस

५ नोव्हेंबर २०२४ रोजी छाणीच्या उत्तरेस, मही नदीकाठी वासद येथे याच प्रकल्पाच्या कामावर काँक्रीटचे ठोकळे कोसळून तीन कामगार मृत्युमुखी पडले. ज्या दिवशी ही माणसे गेली, त्या दिवशीही प्रगतीचा आकडा खाली आला नसेल. कारण त्या आकड्यात माणसासाठी रकानाच नसतो.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदे केले व बांधकाम खर्चावर उपकर आकारून कल्याण निधी उभारण्याची तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये या तरतुदी समाविष्ट झाल्या आहेत. १८ ते ६० वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगारास नोंदणी करता येते. पण कामामागे गावोगाव फिरणाऱ्या मजुराला ९० दिवसांचा पुरावा गोळा करणेच अवघड जाते.

येथे भाषेचा प्रश्नही येतो. पाया, मजला, कमान, घुमट, इमारत, मजूर, मुकादम, हजेरी हे मराठीतील शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत; उर्दूत व गुजरातीतही ते थोड्याफार फरकाने वापरात आहेत. म्हणजे बांधकामावरील माणसांची एक सामाईक बोली शतकानुशतके तयार होत आली आहे. असे असताना सुरक्षेच्या सूचना मजुराला न समजणाऱ्या भाषेत लावणे, हे त्या सूचना न लावण्यासारखेच होय.

समारोप

सारांश, बांधकामाची प्रगती ही केवळ लांबी, वजन व टक्के यांनी ठरत नाही. काम किती सुरक्षित झाले, किती मजुरांची नोंदणी झाली आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण स्थलांतरात किती टिकले, हेही त्याच अहवालात यावयास हवे. शेवटच्या बाबतीत आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांना बरेच करता येण्यासारखे आहे. कामाच्या जागेजवळ मुलांचे वर्ग भरवणे आणि नोंदणीचे अर्ज भरून देण्यास आपल्या विद्यार्थ्यांना पाठवणे, ही दोन कामे मोठ्या निधीविना होऊ शकतात. पोलादी पूल शंभर वर्षे टिकावा अशा हिशेबाने बांधला जातो. तो उभारणाऱ्यांच्या पुढच्या पिढीचाही तितक्याच दूरदृष्टीने विचार व्हावा, एवढीच अपेक्षा.