शंभर टक्के, पण कशाचे?

कोरोनानंतर ‘रॅपिड टेस्ट’ म्हटलं की नाकात काडी आणि पंधरा मिनिटांत निकाल, हेच डोळ्यांसमोर येतं. ‘मॅड काऊ’, म्हणजे बीएसई, या गुरांच्या प्रायॉन रोगाची रॅपिड टेस्टही तशीच असेल, गोठ्यात जाऊन रक्त घेतलं की झालं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती जिवंत गाईवर होतच नाही. कत्तलखान्यात डोकं वेगळं केल्यावर कवटीच्या मागच्या छिद्रातून लांब दांड्याचा चमचा आत सारतात आणि मेंदूच्या देठाचा तुकडा काढतात. त्यातला ‘ऑबेक्स’ हा भाग हवा असतो, कारण बिघडलेलं प्रायॉन प्रथिन तिथे लवकर साठतं. तुकडा वाटून त्यावर प्रोटिनेज-के सोडतात. निरोगी प्रथिन त्यात पचून जातं, बिघडलेल्याचा गाभा उरतो आणि अँटिबॉडी लावून तोच शोधतात. निकाल काही तासांत. सूक्ष्मदर्शकाखालच्या जुन्या तपासणीला कित्येक दिवस लागत.

दुसरा गैरसमज शिकल्यासवरल्यांचा, म्हणून जास्त चिवट: ‘युरोपने या चाचण्या शंभर टक्के अचूक ठरवल्या.’ 1999 मध्ये युरोपीय आयोगाने चार चाचण्या पारखल्या हे खरं. रोगी नमुने 336, ब्रिटनचे. निरोगी 1064, न्यूझीलंडचे, कारण तिथे हा रोग नव्हताच. तीन चाचण्या एकदाही चुकल्या नाहीत. चौथीच्या हातून मात्र बरेच रोगी नमुने निसटले.

आता 1064 पैकी शून्य चुका याचा अर्थ काय? संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: तीनला नमुन्यांच्या संख्येने भागायचं. म्हणजे चुकीचं खरं प्रमाण हजारी जवळजवळ तीनपर्यंत असू शकतं. दहा लाख निरोगी गुरं तपासली तर 2800 पर्यंत खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात! म्हणूनच पॉझिटिव्ह आलेल्या नमुन्याची दुसऱ्या पद्धतीने खातरजमा होईपर्यंत त्याला निदान म्हणत नाहीत.

खरी मेख पुढेच आहे. ते 336 नमुने आजार उघड झालेल्या गुरांचे होते. बीएसई सरासरी पाच वर्षं अंगात दबा धरून बसतो आणि मेंदूत सापडण्याइतकं प्रथिन बहुधा शेवटच्या काही महिन्यांतच साठतं. दोन वर्षांचं बाधित जनावर निगेटिव्ह येईल, यात चाचणीचा दोष नाही. युरोपने 2001 मध्ये सक्तीच्या तपासणीसाठी 30 महिन्यांवरची गुरं निवडली ती त्यामुळेच. जपानने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कत्तलीची सगळीच गुरं तपासायला घेतली, अगदी कोवळीसुद्धा. माझ्या मते त्यातून गिऱ्हाइकाला धीर आला, रोगाच्या शोधाला फारसं काही मिळालं नाही.

मग ‘निगेटिव्ह म्हणजे मांस सुरक्षित’ हेही गळून पडतं. खाणाऱ्याला वाचवतं ते मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वेगळा काढून नष्ट करणं. गुरांना वाचवलं त्यांच्या खाद्यातल्या मांस-हाडांच्या भुकटीवरच्या बंदीने. ब्रिटनमध्ये 1992 साली 37 हजारांवर गुरं बाधित निघाली होती. ती लाट ओसरू लागली तेव्हा या चाचण्या वापरातही आल्या नव्हत्या.

मेंढ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. नॉर्वेत 1998 मध्ये सापडलेल्या ‘नॉर-98’ या स्क्रेपीच्या, म्हणजे मेंढ्यांच्या प्रायॉन रोगाच्या, प्रकारात बिघडलेलं प्रथिन ऑबेक्सपेक्षा लहान मेंदूत जास्त असतं. तिथे नुसता देठ तपासून भागत नाही, लहान मेंदूचाही तुकडा घ्यावा लागतो.