संशोधनाचा आराखडा : करोंदला दिलेला शब्द

विद्यापीठाच्या आवारात ज्याला सगळे ‘सिनॉप्सिस’ म्हणतात, तो संशोधनाचा आराखडा म्हणजे पीएच.डी.च्या वाटेवरची एक कागदी पायरी, असा समज खोल रुजला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्क करावा लागतो आणि संशोधन सल्लागार समितीपुढे विषय व आराखडा मांडावा लागतो. समितीची तारीख जवळ आली की मागच्या कुणाच्या तरी आराखड्यावरून प्रास्ताविक, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, प्रकरणांची रूपरेषा असे रकाने भरले जातात, गाईडची सही होते, आणि खरे काम पुढे सुरू होईल असे धरून चालतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. अभ्यास टिकणार की वाया जाणार, याचा बराचसा निकाल आराखड्यातच लागलेला असतो. आणि अभ्यास माणसांच्या दुःखाचा असेल, तर आराखडा हा त्या माणसांना दिलेला शब्द असतो. हे पटण्यासाठी भोपाळमधल्या करोंदकडे नीट पाहावे.

करोंद भोपाळच्या उत्तर भागात आहे. युनियन कार्बाइडचा बंद कारखाना त्याच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर. या कारखान्यातल्या 1984 च्या वायुगळतीत नवरा गमावलेल्या स्त्रियांसाठी सरकारने बांधलेली सुमारे अडीच हजार घरांची वसाहत याच भागात आहे. तिचे नाव जीवन ज्योती कॉलनी, पण साऱ्या शहरात ती ‘विधवा कॉलनी’ म्हणूनच ओळखली जाते. गॅसपीडितांसाठी 2000 साली सुरू झालेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय आणि संशोधन केंद्रही इथेच. समाजशास्त्र, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विषय सुचावा, असे सारे काही या परिसरात आहे. मग शीर्षकही पटकन तयार होते : ‘भोपाळ वायुदुर्घटनेचा करोंद येथील रहिवाशांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर झालेला परिणाम : एक अभ्यास’. समितीत अशा शीर्षकाला सहसा कुणी अडवत नाही. पण त्यातला शब्द न् शब्द तपासला तर अभ्यासाची जमीनच सरकू लागते.

‘दुर्घटना’ म्हणजे नेमकी कोणती? 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री टाकी क्रमांक 610 मधून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे, जुन्या शहराकडे आणि रेल्वे स्थानकाकडे पसरले. उत्तरेची कहाणी वेगळी आहे. कारखान्याचे सांडपाणी ज्या बाष्पीभवन तळ्यांत सोडले जाई, ती कारखान्याच्या उत्तरेला होती. तिथून आणि कारखान्याच्या आवारात पुरलेल्या कचऱ्यातून विष भूजलात उतरले, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे इथे विषबाधा दोन आहेत : एक एका रात्रीची, दुसरी वर्षानुवर्षे पाण्यातून होत राहिलेली. आता ‘रहिवासी’ घ्या. विधवा कॉलनीतल्या बाईने गॅस अंगावर घेतला तो शहरातल्या तिच्या जुन्या घरी, करोंदमध्ये नव्हे. तिच्या शेजारच्या वस्तीत 1984 नंतर लग्न होऊन आलेल्या सुनेने गॅस पाहिलेलाच नाही, पण हातपंपाचे पाणी ती प्यायली असेल. या दोघींना एकाच प्रश्नावलीत घालून सरासरी काढली, तर येणारा आकडा दोघींपैकी कुणाबद्दलच काही सांगत नाही. ‘परिणाम’ म्हणायचे तर तुलना हवी. गॅसही न लागलेल्या आणि ते पाणीही न प्यायलेल्या, पण तितक्याच गरीब वस्तीशी ताडून पाहिल्याशिवाय दिसणारी हलाखी गॅसमुळे की गरिबीमुळे, हे ठरवता येत नाही. हा सगळा विचार घरोघरी फिरण्याआधी करायचा असतो, आणि तो करण्याची जागा म्हणजे आराखडा.

भोपाळमधल्या मोठ्या अभ्यासांनी हेच दाखवले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1985 पासून सुमारे 80 हजार गॅसबाधित आणि सुमारे 16 हजार अबाधित माणसांची नोंद करून त्यांच्या आरोग्याचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. 3 ते 6 डिसेंबर या दिवसांत कुठे किती मृत्यू झाले, त्यावरून वस्त्यांची तीव्र, मध्यम आणि सौम्य बाधित अशी वर्गवारी झाली. प्रत्येकाच्या फुप्फुसात किती वायू गेला हे मोजणे अशक्य होते, म्हणून घराचा पत्ता हेच माप धरले गेले. या मापात उणीव आहे : सौम्य भागातला माणूस त्या रात्री धावत तीव्र भागात शिरला असेल, तरी नोंदीत तो सौम्यच राहतो. तरीही माप काय, ते कसे ठरवले आणि तुलना कुणाशी, हे सुरुवातीलाच ठरले होते, म्हणून त्या नोंदींच्या आधारे काही ठामपणे बोलता येते. कच्ची राहिली ती दुसरी बाजू. माणसे स्थलांतर करत गेली, नोंदीतून गळत गेली. 1994 नंतर परिषदेने मागोव्याचे काम राज्य सरकारकडे सोपवले. आणि तांत्रिक अहवाल लोकांसमोर यायला 2004 साल उजाडले. माणसे गळू लागली तर काय करायचे आणि निष्कर्ष कधी, कुणापुढे मांडायचे, हेही शोधपद्धतीचेच भाग आहेत.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. याच परिषदेच्या, 2010 साली भोपाळमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संशोधन संस्थेने गॅसबाधित मातांच्या बाळांमधील जन्मजात व्यंगांचा अभ्यास केला. माहिती अधिकारात मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे गॅसपीडितांच्या संघटनांनी 2020 मध्ये सांगितले, की त्या अभ्यासात बाधित मातांच्या सुमारे 9 टक्के बाळांत व्यंग आढळले, तर तुलनेच्या गटात 1.3 टक्के. हा अभ्यास प्रसिद्ध झाला नाही. त्याच्या रचनेतच दोष असल्याचे कारण आयुर्विज्ञान परिषदेच्या बाजूने दिले गेले. संघटनांना यात सत्य दडपल्याचा संशय वाटतो. कुणाचे खरे याचा निवाडा इथे करायची गरज नाही. रचना खरोखरच सदोष असेल, तर तो दोष शेकडो मातांची तपासणी होण्यापूर्वी, आराखडा मंजूर करतानाच सापडायला हवा होता. आणि रचना निर्दोष असेल, तर निष्कर्ष कसेही आले तरी प्रसिद्ध करण्याची अट आराखड्यातच बांधलेली हवी होती. दोन्हीपैकी काहीही खरे धरले, तरी त्या मातांच्या हाती काहीच पडले नाही.

चांगला आराखडा आणखी एक काम करतो : लोकांच्या दारात न जाताही उत्तर मिळेल का, हे आधी विचारतो. 2023 मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2015-16 ची आणि त्याआधीच्या दुसऱ्या एका सर्वेक्षणाची उपलब्ध माहिती वापरून, दुर्घटनेच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या आणि 1985 मध्ये जन्मलेल्या मुलांचा विचार केला. भोपाळच्या आसपास जन्मलेल्या अशा पुरुषांत रोजगाराच्या आड येणारे अपंगत्व जास्त आणि शिक्षण कमी आढळले. यासाठी करोंदमधल्या एकाही बाईला तिची ती रात्र पुन्हा सांगावी लागली नाही. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे नावांची यादी नव्हे, तर कोणता प्रश्न पुन्हा विचारायचा नाही हे ठरवणे, याचा हा उत्तम नमुना आहे.

जिथे दारात जावेच लागते, तिथे संमतीचा प्रश्न येतो. 2004 ते 2008 या काळात करोंदच्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात गॅसपीडितांवर औषधांच्या चाचण्या झाल्या आणि अनेकांना त्याची पुरती कल्पनाच दिली गेली नव्हती, असे गंभीर आरोप पुढे झाले. आयुर्विज्ञान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दुर्बल गटांच्या संमतीवर इतका भर दिला आहे, तो अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवा. विद्यार्थी औषध देत नाही, प्रश्न विचारतो, हे खरे. पण चाळीस वर्षांत अनेकदा विचारून झालेला प्रश्न हाही एक भार असतो, आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे विचारण्याचा अधिकार समोरच्या बाईला आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की विद्यार्थ्याच्या प्रबंधाकडून एवढी अपेक्षा कशाला. तो पदवीपुरता असतो. पण विधवा कॉलनीतल्या बाईसाठी पदवीपुरता आलेला आणि देशाच्या धोरणापुरता आलेला माणूस सारखाच तिचा दुपारचा वेळ घेतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानववंशशास्त्रासारख्या विषयांत संशोधक क्षेत्रातच शिकतो. सगळे आधीच बांधून टाकले तर लोकांचे ऐकणार कधी? हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच आराखड्यात बदलाला जागा हवी. प्रश्न बदलला तर तारीख घालून, कारण लिहून बदलावा. न लिहिता बदललेला प्रश्न मात्र संशोधकाला हवे ते उत्तर निवडू देतो. तिसरा आक्षेप : आपत्तीत आराखड्याला वेळ कुठला? भोपाळमध्ये तुलनेचा गट नोंदवण्याचे काम दुर्घटनेनंतरच्या काही महिन्यांतच हाती घेतले गेले होते. घाईतही नेमका विचार करता येतो, हे तिथेच सिद्ध झाले आहे.

म्हणून विद्यापीठांनी दोन गोष्टी कराव्यात. आराखडे ‘शोधगंगोत्री’ या राष्ट्रीय संग्रहात नियमाने चढवावेत, म्हणजे त्याच वस्तीत तोच प्रश्न घेऊन पुढचा विद्यार्थी जाणार नाही. आणि सल्लागार समितीने प्रत्येक विद्यार्थ्याकडून जोडीला एक पान मागावे, लोकांच्या भाषेत लिहिलेले. करोंदसाठी ते साध्या हिंदीत असेल : मी काय विचारणार, तुम्हालाच का, तुम्ही नाही म्हटले तर काय, आणि जे कळेल ते तुम्हाला कधी, कसे सांगणार. ज्या विद्यार्थ्याला हे पान लिहिता येत नाही, त्याचा प्रश्न अजून पिकलेला नाही, मग त्याच्या आराखड्यातली गृहीतके कितीही नेटकी असोत. समितीने त्याला नापास करू नये, फक्त थांबवावे, आणि प्रश्न तयार झाल्यावरच करोंदला जाऊ द्यावे.