बुडालेला चुकारा आणि फसवणुकीचा पुरावा

दिवाळीच्या सुमारास महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावांत सोयाबीन घरात आलेले असते आणि कापसाची वेचणी सुरू असते. खेडा खरेदीचा व्यापारी दारी येण्याचे हेच दिवस. समजा, ‘आठ दिवसांत चुकारा देतो’ म्हणून कुणी माल उचलून नेला आणि महिने उलटले तरी पैसे आले नाहीत. शेतकरी पोलीस ठाण्यात जातो, तर त्याला ऐकावे लागते, ‘हे दिवाणी प्रकरण आहे.’ गाव ज्याला सरळसरळ फसवणूक म्हणते, तिला कायदा फसवणूक का म्हणत नाही?

याचे उत्तर १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४१५ खाली दिलेल्या एका दृष्टान्तात सापडते. नीळ देण्याचा मुळीच इरादा नसताना ‘नीळ देतो’ असे भासवून कुणी आगाऊ पैसे घेतले, तर ती फसवणूक. मात्र पैसे घेताना नीळ देण्याचा इरादा होता आणि पुढे करार मोडला, तर केवळ दिवाणी दावा. दोन्हींत पैसे बुडाले ते सारखेच. फरक आहे तो शब्द देतानाच्या मनाचा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू झाले, तरी ही कसोटी बदललेली नाही.

म्हणून सरकारी पक्षाला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आरोपीने खोटे भासवले. त्या वेळी त्याचा हेतू अप्रामाणिक होता. त्या भासवण्यामुळेच समोरच्याने माल किंवा पैसा हातावेगळा केला. आणि हे सारे वाजवी संशयापलीकडे. माल मिळवणाऱ्या अशा फसवणुकीला पूर्वी कलम ४२० होते, आता ३१८(४) आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मन कुणाला दिसत नाही. ते वागण्यावरून ताडावे लागते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले मुबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य हे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. तांदळाची टंचाई असताना गोव्याच्या एका व्यापाऱ्याने कराचीतल्या आरोपीशी सौदा केला. तांदूळ तयार आहे, जहाजात जागा राखली आहे, असे पत्रांनी, तारांनी आणि टेलिफोनवरून कळवून आरोपीने मुंबईत पैसे घेतले. तांदूळ आलाच नाही. येथे प्रश्न केवळ मोडलेल्या शब्दाचा नव्हता. माल तयार असल्याचे सांगणेच खोटे होते. आरोपी मुंबईत हजर नव्हता, तरी शिक्षा कायम राहिली.

याच्या उलट दिल्ली रेस क्लबचे २०२४चे प्रकरण. घोड्यांसाठी धान्य आणि ओट पुरवणाऱ्याची नऊ लाखांहून अधिक रक्कम थकली. व्यवहार मात्र वर्षानुवर्षे चालत आलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई रद्द केली. विकलेल्या मालाची थकलेली किंमत हा विश्वासघातही नव्हे, कारण विकलेला माल ठेव म्हणून सोपवलेला नसतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तेव्हा शेतकऱ्याच्या तक्रारीत ‘पैसे दिले नाहीत’ एवढेच असून भागत नाही. व्यापाऱ्याने दाखवलेला परवाना खोटा होता का? धनादेश दिला तेव्हा ते खाते आधीच बंद झालेले होते का? एकाच आठवड्यात अनेकांकडून उधारीवर माल उचलून तो पडत्या भावाने विकून तो पसार झाला का? असे धागे आरंभीचा हेतू उघड करतात. काटापट्टी, संदेश आणि इतर शेतकऱ्यांच्या साक्षी म्हणूनच मोलाच्या. हे नसेल, तर दिवाणी दाव्याची वाट उरते. तिची मुदत साधारणपणे तीन वर्षे.

ही कसोटी शेतकऱ्याला कठोर वाटते, आणि ज्याचा हंगाम बुडाला त्याला ती तशी वाटणारच. पण कर्जबाजारीपणामुळे झालेल्या शेतकरी आत्महत्यांनी ओळखल्या गेलेल्या यवतमाळ जिल्ह्यात तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. दिलेल्या वेळी पैसे न फेडणे हाच गुन्हा ठरला असता, तर कपाशी बुडाल्यावर सावकाराला आणि कृषी केंद्राला दिलेला शब्द पाळू न शकणारा शेतकरीच आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला असता.