चिंच टिकते कशी?

मंडळी, धारूरचं नाव निघालं की आपल्याला सीताफळ आठवतं. बालाघाटाच्या या डोंगरात ते कोणी न लावता उगवतं आणि टिकतं. का टिकतं? त्याचं पान शेळी तोंडात धरत नाही, हे एक मोठं कारण. आता चिंच घ्या. तिचं फळ आपण खातो, कोवळा पालाही खातो, आणि तो शेळीलाही आवडतो. मग चिंच टिकते कशी?

आधी नाव पाहू. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हटलं, म्हणजे हिंदचा खजूर. लिनियसने १७५३ मध्ये ‘टॅमरिंडस इंडिका’ असं शास्त्रीय नाव दिलं. झाड मात्र मूळचं आफ्रिकेतलं! तेव्हा एखादी गोष्ट आपली कशाने होते? उगमाने की सांभाळण्याने?

सांभाळण्याने, असं आम्ही म्हणू. कारण चिंच आपल्या व्यवहारात पार मुरली आहे. उन्हाळ्याच्या तोंडी पालवी फुटते, ती वरणात पडते. तेलंगणात याच पालवीला ‘चिंतचिगुरु’ म्हणतात. १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो, हेही इथे आठवावं. फळात टार्टारिक आम्ल असतं. पिकताना साखर वाढते, पण हे आम्ल फारसं घटत नाही. म्हणून पिकली चिंचही आंबटच. चिंचोकेही वाया जात नाहीत, त्यांची खळ घोंगडीला लावतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सीताफळाचं रक्षण त्याचं पानच करतं. चिंचेला तशी सोय नाही. चरणीच्या रानात रोप वर यायचं तर कोणीतरी काटेरी फांद्यांचं कुंपण घालायला हवं. बी लावलेलं झाड फळायला आठ-दहा वर्षं घेतं, म्हणजे राखणारा बऱ्याचदा पुढच्यांसाठीच राखत असतो. बांधावरची म्हातारी चिंच बघाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: कोणीतरी तिच्याकडे लक्ष दिलं होतं, निदान तिला तोडलं तरी नव्हतं.

यातून निघतं ते असं. जे झाड सगळ्यांना देतं, त्याला स्वतःचं संरक्षण थोडं असतं. ते आपल्यालाच पुरवावं लागतं. रस्ता रुंद करताना जुनी चिंच जाते आणि बदल्यात रोपं लावली जातात. हिशेब रोपांच्या संख्येचा होतो, राखणीच्या वर्षांचा होत नाही. तो आपण मागितला पाहिजे. रोप लावणाऱ्याला एवढंच विचारा: पहिली काही वर्षं शेळी कोण हाकणार?