‘मिस्टर कधी घरी असतात?’

ब्रिस्बेनमध्ये परसात पोहण्याचा तलाव असणं ही काही फार मोठी श्रीमंती नव्हे. उन्हाळा कडक, त्यामुळे साध्या मध्यमवर्गीय घरांतही तो असतो. पण मैत्रिणींनो, त्यात डुंबणारे सगळे आणि निगा राखणारं एकच कुणीतरी! आमच्याकडे ती मी. हे खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी.

आमचा तलाव मिठाच्या पाण्याचा. ‘‘म्हणजे समुद्रच की गं वहिनी!’’ असं कराडहून नणंदबाई फोनवर म्हणाल्या. तसं नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आमच्या तलावात ४ ग्रॅम. हे पाणी पंपाने एका नळकांड्यातून जातं. त्याला इथे ‘सेल’ म्हणतात. आत टायटॅनियमचे लेप दिलेले पातळ पत्रे असतात. त्यांतून वीज गेली की मिठापासून क्लोरीन तयार होतो, जंतू मारतो आणि शेवटी त्याचं पुन्हा मीठच होतं. म्हणून मीठ आपणहून संपत नाही, पाणी वाहून गेलं तरच कमी होतं.

जानेवारी म्हणजे इथे भर उन्हाळा, मुलांना सुट्टी आणि मुसळधार पाऊसही. एकदा पाऊस चार दिवस कोसळला आणि तलाव हिरवागार! यंत्रावर ‘मीठ कमी’चा लाल दिवा. दुरुस्तीवाला आला, दोन मिनिटं बघून म्हणाला, ‘‘सेल गेला. नवा घालावा लागेल. मिस्टर कधी घरी असतात? त्यांच्याशी बोलतो.’’ नव्या सेलला कित्येकशे डॉलर! पैशांपेक्षा ते ‘मिस्टर’ मला जास्त लागलं. म्हटलं, आधी माझं मी बघते.

पहिलं काम, बाटलीभर पाणी दुकानात नेऊन तपासून घेतलं. कारण पुष्कळ यंत्रं मीठ थेट मोजतच नाहीत, पत्र्यांमधून वीज किती जाते त्यावरून अंदाज करतात. पत्रे मळले किंवा पाणी फार गार झालं, तरी ती ‘मीठ कमी’ म्हणतात. पण आमच्याकडे मीठ खरोखरच उतरलं होतं. लिटरला ४ ग्रॅमच्या जागी अडीच. पावसाने तलाव भरून वाहिला, त्याबरोबर मीठही गेलं. हिशेब सोपा. तलाव ५०,००० लिटरचा, लिटरमागे दीड ग्रॅम कमी, म्हणजे ७५ किलो. पंचवीस किलोच्या तीन गोण्या ओतल्या, ब्रशने ढवळलं, दिवसभर पंप चालवला. लाल दिवा गेला!

पण क्लोरीन अजून जेमतेमच. मग पंपाची जाळी काढली, तर पानांनी गच्च भरलेली. ती साफ केली. नंतर मेन स्विच बंद करून सेल उघडला. पत्र्यांवर पांढरी पुटं, अगदी आपल्या गीझरच्या कॉइलवर बसतात तशी. हातमोजे, चष्मा घालून प्लास्टिकच्या बादलीत दहा भाग पाणी घेतलं, त्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. आधी पाणी, मग ॲसिड. उलट कधीच नाही. दहा मिनिटांत फसफसून पुटं निघाली. चाकूने खरवडायचं नाही, वरचा लेप जातो. तो गेला की सेल खरोखर संपला.

हिरवं पाणी एकट्या यंत्राने निवळत नाही, त्याचा क्लोरीन हळूहळू तयार होतो. म्हणून पाण्याचा पीएच साडेसातच्या आत आणून संध्याकाळी वेगळा द्रव क्लोरीन घातला. उन्हात तो लवकर उडून जातो. चौथ्या दिवशी तळ दिसला. तरी पुन्हा तपासणी होईपर्यंत कुंपणाचं फाटक बंदच ठेवलं. मुलं रुसली, रुसू देत. तोच सेल आजही चालतोय.

तुमच्या दारात तलाव नसेल, पण पाण्याचा फिल्टर असेल, इन्व्हर्टर असेल. दुरुस्तीवाला ‘पार्ट गेला’ म्हणाला की एवढंच विचारा, ‘‘काय काय तपासलंत? मला दाखवा.’’ बाईमाणसाला काय कळतंय, असं त्याला वाटलं तर वाटू दे. आपण शेजारी उभं राहून बघायचं.

आणि एक कळकळीचं सांगणं. न्हाणीघर घासताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचिंग पावडरची पिशवीही उघडी ठेवू नका, तिच्यातला क्लोरीन उडून जातो. मग टाकीत कितीही टाका, उपयोग कमीच!