मांडीवरील गिटार आणि रोजचा रियाज

रायपूरचा एखादा तरुण गिटारवर रागदारी वाजवू इच्छितो, तेव्हा बहुधा चित्रपटगीतांपासून आरंभ करतो. त्यात गैर काही नाही. परंतु बोटांना वेग येतो आणि एक स्वर धरवत नाही, अशी त्याची स्थिती होते. याचे कारण वाद्याच्या घडणीत आहे. मांडीवर आडवी ठेवलेल्या गिटारीच्या तारा पडद्यावर दाबल्या जात नाहीत. त्यांवरून पोलादी कांडी सरकते. पडदा केवळ खुणेपुरता उरतो आणि स्वर लावण्याचा भार कानावर पडतो. सरोदलाही पडदे नसतात. ब्रिजभूषण काब्रा यांनी सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन गिटारीत राग आणला, तो म्हणूनच योगायोग वाटत नाही.

रियाज तंबोऱ्याच्या साथीने आरंभावा. कांडी पडद्याच्या नेमकी वर, तारेशी काटकोनात असावी. मागच्या बोटांनी तार हलकेच झाकावी, नाहीतर घरघर उठते. मग षड्जापासून पंचमापर्यंतची मींड अतिसावकाश घ्यावी. दोन्ही टोके तंबोऱ्यात मिसळली पाहिजेत. कोमल गांधाराचे स्थान तर रागागणिक हलते. दरबारीतला गांधार आंदोलित, भीमपलासीतला निराळा. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. अर्धा तास हेच चालले तर शेजारीही कंटाळतील, पण त्याला इलाज नाही. उजव्या हाताच्या नख्या, द्रुत बोल आणि चिकारीवरील झाला यांना शेवटची पंधरा मिनिटे पुरतात.