जैसलमेरच्या गडाला पाण्याचे भय
जैसलमेरपासून सुमारे १७ किलोमीटरांवर आकल येथे दगड झालेले वृक्ष आडवे पडलेले दिसतात. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी या मरुभूमीत दाट अरण्य होते, याची ती साक्ष होय. तेथून शहरात परतताच दृष्टीस पडतो तो पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला. रावळ जैसलने ११५६ साली तो उभारला, तेव्हा पाणी थेंबाथेंबाने वापरले जाई. सांडपाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे नळ आले. गडावर आजही वस्ती आहे, आणि मुरणारे पाणी टेकडीतील मऊ थर भिजवून पाया खिळखिळा करते. २०१३ साली किल्ल्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. ऑगस्ट २०२४ मधील मुसळधार पावसात मात्र त्याच्या भिंतीचा काही भाग कोसळलाच.